रुग्णशय्या हीच पाठशाळा



चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत, अशी तेथे अपेक्षा आहे. यांपैकी ज्ञान काही अंशी ग्रंथातून मिळेल. उरलेले तीन गुण रुग्णशय्येपाशीच अंगी बाणतात.

सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी कोहळा, दुधी अशा फळांवर छेदनाचा अभ्यास सांगितला. आजचे परिचर्येचे विद्यार्थीही प्रथम पुतळ्यावरच सराव करतात. परंतु पुतळा कण्हत नाही, लाजत नाही, भीत नाही. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस वारंवार बदलावी, हे वाक्य कोणीही पाठ करील. वॉर्डात मात्र माकडहाडाजवळ आलेली लाली बोटाने दाबूनही जात नाही, हे विद्यार्थी स्वतः पाहतो आणि शय्याव्रणाचा आरंभ ओळखतो. त्या दिवसापासून ते वाक्य त्याच्या हाताचा धर्म होते.

तथापि केवळ वॉर्डात उभे राहिल्याने विद्या येते काय? याचे उत्तर इतिहासात आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय निघाले. विद्यार्थिनी वॉर्डांतच राबून शिकत. परंतु पुढे सुमारे बारा वर्षांनी नाइटिंगेल यांनी बारकाईने चौकशी केली, तेव्हा पाठ नियमित होत नाहीत आणि विद्यार्थिनींकडून मुख्यतः कामच करून घेतले जाते, असे त्यांना आढळले. मग त्यांच्या अभ्यासाकडे लक्ष देण्यासाठी 'होम सिस्टर' नेमण्यात आली. ज्या संस्थेचा आदर्श जगाने घेतला, तिलाही ही सुधारणा करावी लागली!

हा धोका आजही टळलेला नाही. जेथे परिचारिका अपुऱ्या, तेथे विद्यार्थ्याला उणीव भरून काढणारा हात समजण्याचा मोह होतो. चादरी बदलणे, मलपात्र उचलणे यांत हीनता मुळीच नाही. ती सेवाच आहे. पण मलमूत्राचा रंग व प्रमाण का पाहावे, हे सांगणारा कोणी जवळ नसेल, तर वर्षभर तेच काम करूनही विद्यार्थी अज्ञच राहील. प्रश्न विचारताच जेथे उपहास होतो, तेथे तो चूक लपवण्यास शिकेल. आणि लपवलेल्या चुकीचे फळ रुग्णास भोगावे लागेल.

म्हणून शय्येपाशी शिकवणारा हवा: प्रथम करून दाखवणारा, मग समोर करवून घेणारा, शेवटी कारण विचारणारा. आपल्या पाठशाळांत संथा याच क्रमाने दिली जाते. गुरूच्या सान्निध्याविना केलेली घोकंपट्टी जशी विद्या नव्हे, तसे मार्गदर्शनाविना केलेले श्रम हे शिक्षण नव्हे.

आपल्या घरची कन्या वा पुत्र ही विद्या शिकत असेल, तर आज किती काम केलेस एवढेच न विचारता, आज काय उमगले, हेही विचारावे. सेवेला ज्ञानाचे डोळे लाभोत, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥