अस्वस्थ पाय



रात्री अंथरुणास पाठ टेकताच पायांत मुंग्या सरपटल्यासारखे वाटावे, पाय हलविल्यावाचून राहवू नये आणि उठून चार येरझारा घातल्या की बरे वाटावे, अशी एक व्याधी आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये तिचे वर्णन केले. स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ मध्ये तिला 'अस्वस्थ पाय' हे नाव दिले. तिचे मूळ पायांत नसून बहुधा मेंदूत असते. तेथे लोहाची उणीव व डोपामिन या द्रव्याच्या कार्यात बिघाड आढळतो. पक्षाघाताने मेंदूच्या खोल भागास इजा झाल्यावरही ती उद्भवल्याची उदाहरणे आहेत. म्हणून पायाच्या तक्रारीबरोबर एका अंगास एकाएकी दुर्बलता आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमच्या सौभाग्यवती कित्येक वर्षे रात्री ओटीवर फिरत. 'मनाचे खेळ' म्हणून आम्ही त्यांस हिणविले. पुढे रक्ततपासणीत लोह फारच कमी निघाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेतल्यावर काही महिन्यांत त्यांस झोप लागू लागली. जन्मभर मुलांस वाचावयास शिकविले, पण घरातले दुःख आम्हांस वाचता आले नाही.

आपल्या घरी कोणी रात्री असे फिरत असेल, तर रागावू नका. विचारपूस करा, एवढीच विनंती.