नव्या गुडघ्याची जपणूक

निपाणीच्या गल्ल्यांतून मांडी घालून, पुढ्यात सूप घेऊन वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणींना उतारवयात भिंतीचा आधार घेतल्यावाचून उठता येत नाही. पूर्वी अशा गुडघ्याला तेल आणि शेक यांखेरीज फारसा उपाय नव्हता. आता बेळगावला किंवा कोल्हापूरला जाऊन सांधाच बदलून घेता येतो. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिची वार्ता घरोघर पोचली. ती करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क येथे आधुनिक कृत्रिम गुडघ्याची घडण करणाऱ्यांपैकी एक होते.

शस्त्रक्रियेचे काम दीड-दोन तासांचे. परंतु तिचे यश पुष्कळ अंशी पुढील सहा आठवड्यांवर अवलंबून असते, आणि त्या दिवसांत रुग्णाजवळ डॉक्टर नसतो. सून असते, मुलगा असतो, शेजारीण असते. बेळगाव पाऊणशे किलोमीटरांच्या घरात आणि हाती दिलेला कागद बहुधा इंग्रजीत! तेव्हा कोणत्या दुखण्याला धीर धरावा आणि कोणत्या दुखण्याला तत्काळ गाडी काढावी, हे घरच्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

सांधा काही महिने किंचित उष्ण लागणे, थोडी सूज राहणे, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर वाटणे, चालताना टक् असा आवाज होणे, यांत भिण्यासारखे काही नाही.

पोटरीची गोष्ट मात्र निराळी. हालचाल मंदावल्यामुळे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी सुजते, ताठरते, दुखते. अशा वेळी आपल्याकडील मायेची माणसे पहिली गोष्ट करतात ती तेल लावून पोटरी चोळण्याची. हे कदापि करू नये. सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते. धाप लागते, छातीत कळ येते आणि प्राणावर बेतते. म्हणूनच पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून रुग्णाला चालवतात, घोटे हलवावयास लावतात आणि काही आठवडे रक्त पातळ ठेवणारे औषध देतात. बरे वाटू लागले म्हणून ते आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे.

दुसरे संकट जंतूंचे. ते शंभरांत एक-दोघांवर येते. मधुमेह आटोक्यात नसेल तर अधिक. जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप भरणे, कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे, ही त्याची चिन्हे. येथे औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून घेणे ही मोठीच चूक होय. जंतू दबतात, मरत नाहीत, आणि सांध्यातील पाणी तपासूनही ते ओळखणे कठीण होते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत कळले तर सांधा उघडून धुतात, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलतात आणि धातूचे भाग बहुधा वाचतात. उशीर झाला तर जंतू धातूवर थर धरतात. मग पुष्कळदा सारा सांधा काढावा लागतो, औषध मिसळलेले सिमेंट काही आठवडे तेथे ठेवावे लागते आणि नंतर दुसरा सांधा बसवावा लागतो. विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला दोन शस्त्रक्रियांचा खर्च पेलणार कसा?

तिसरी अडचण पुष्कळदा प्रेमातूनच उद्भवते. दुखते म्हणून गुडघ्याखाली उशी दिली जाते आणि पाय अर्धवट वाकलेलाच राहतो. उशी द्यावयाची तर टाचेखाली द्यावी. व्यायामाचा त्रास होतो, पण तो टाळल्यास सांधा आखडतो. मग भूल देऊन तो वाकवावा लागतो.

नीट जपलेला सांधा पंधरा-वीस वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ टिकतो. मात्र पायावरचे गळू किंवा लघवीतील जंतुदोष यांमधील जंतू रक्तावाटे वर्षांनंतरही त्या धातूपर्यंत पोचू शकतात. म्हणून कोणत्याही दवाखान्यात, अगदी दात काढावयास गेले तरी, गुडघा बदललेला आहे हे प्रथम सांगावे.