मुक्या घरांची नोंद
(तिवसा येथील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत दिलेले भाषण)



लोकांना सांगण्याची विद्या आपल्या तालुक्याला नवी नाही. १९३५ साली मोझरीस गुरुकुंजाची स्थापना करणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने गावोगाव प्रबोधन केले. शाळेचे वर्ष सुरू होताना आपणही प्रभातफेरी काढतो, घरोघर जातो, मुलांना नियमित शाळेत पाठवा म्हणून विनवितो. परंतु आपले सांगणे किती घरांत रुजले हे पाहावयाचे, तर लोकांना विचारावे लागते. आणि विचारणे हे सांगण्याहून अवघड आहे.

प्रश्नपत्रिका वाटल्या, म्हणजे काही भरून येतात, काही येत नाहीत. आलेल्यांची बेरीज करून आपण निष्कर्ष काढतो आणि येथेच फसगत होते. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येतील असे भाकीत झाले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. ज्या याद्यांवरून पत्रिका गेल्या त्या एकांगी होत्या, हे खरे; पण उत्तर देणारे हे न देणाऱ्यांसारखे नव्हते, हेही तितकेच खरे. लाखोंच्या संख्येने ती उणीव भरून निघाली नाही.

आता एक गाव कल्पू या. घरे २००, उत्तरे आली १२०. त्यांपैकी ९० घरे म्हणतात, “मुलाला रोज शाळेत पाठवितो.” आपण आनंदाने ७५ टक्के लिहितो. पण उरलेल्या ८० घरांचे काय? ती सर्व ‘नाही’ म्हणणारी असतील, तर प्रमाण ४५ टक्क्यांवर येते. सर्व ‘होय’ म्हणणारी असतील, तर ८५ वर जाते.

ह्यावर हॅन्सन व हर्विट्झ ह्या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ साली एक मार्ग दाखविला. मुक्या घरांतून थोडी घरे चिठ्ठ्या टाकून निवडावी आणि तेथे स्वतः जाऊन उत्तर मिळवावेच. आपल्या ८० घरांतून २० निवडली आणि त्यांतील ८ घरे ‘होय’ म्हणाली, तर ८० घरांमागे ३२ धरावी. ९० आणि ३२ मिळून १२२. म्हणजे २०० घरांत ६१ टक्के. अंदाजच तो, तथापि ७५ पेक्षा सत्याच्या जवळचा.

ही घरे मुकी का राहतात? कार्तिक-मार्गशीर्षात कापसाची वेचणी चालू असते. सकाळी अकराला दार ठोठावले, तर माउली वावरात असते. कोणी कामासाठी परगावी गेलेले असते. कोणास छापील कागद वाचता येत नाही. कोणाचे मूल शाळा सोडून बसलेले असते. ते सांगण्याचा संकोच वाटतो. म्हणजे आपल्या प्रचाराची खरी कसोटी ज्या घरी, तेच घर आपल्या बेरजेबाहेर राहते!

म्हणून काही गोष्टी कराव्या. भेट दिवेलागणीनंतर घ्यावी. दार बंद आढळल्यास निदान तीन वेळा निरनिराळ्या वेळी जावे. प्रश्न चार-पाचच असावेत आणि ते घरच्या बोलीत तोंडी विचारावे. ह्या माहितीवरून कोणाची सवलत बंद होणार नाही, हे आरंभीच सांगावे आणि ते पाळावे. ज्याने प्रचार केला त्यानेच विचारू नये. समोरच्याचे मन राखण्यासाठी लोक ‘होय’ म्हणतात. दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने विचारावे. मिळालेले उत्तर हजेरीपटाशी ताडून पाहावे. मात्र त्यावरून पालकाला दोष देऊ नये. निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावा. आपल्या बोलण्याचे काय झाले हे कळले, म्हणजे पुढच्या वेळी दार लवकर उघडते.

शेवटी, अहवालात एक रकाना अवश्य ठेवावा : ‘उत्तर न मिळालेली घरे’. तो रिकामा दाखविण्याचा मोह आवरावा. ६१ चा खरा आकडा वरिष्ठांना कदाचित रुचणार नाही. परंतु ७५ च्या खोट्या आकड्याखाली जी मुले झाकली जातात, त्यांच्याकडे पुढच्या वर्षी कोणीही जाणार नाही. त्या मुलांसाठीच हा सारा खटाटोप आहे.