कारखाना आला, ज्ञान केव्हा येणार?



बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग, रसायने आणि औषधांचा कच्चा माल तयार होतो. हे धंदे मूळचे आपले नव्हेत. ते येथवर कसे आले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पहिला यशस्वी कृत्रिम रंग १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने शोधला. पुढे या धंद्यात जर्मनी अग्रेसर झाला. १८९७ साली जर्मन कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारमधील निळीची लागवड बसत गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात मजुरी वाढली, प्रदूषणाचे कायदे कडक झाले. तेव्हा रंगांचे उत्पादन भारत-चीनकडे सरकले.

औषधांचे तसे नाही. १९७० च्या कायद्याने औषधाला नव्हे, ते बनविण्याच्या पद्धतीलाच पेटंट ठेवले. आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी निराळ्या पद्धती शोधून तीच औषधे स्वस्तात बनविली. २००५ साली ही सवलत संपली, परंतु तोवर धंदा पायावर उभा राहिला होता.

स्वस्त मजुरीसाठी आलेले काम त्याहून स्वस्त मजुरीकडे निघून जाते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. घाण मात्र मागे राहते. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली. २०२२ साली न्यायाधिकरणाने कारखान्यांना भरपाई भरण्याचा आदेश दिला.

मग कारखाने नकोत काय? तसे नव्हे. लहान शेतजमिनींवरील १९१८ च्या निबंधातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतीवरचा जादा माणसांचा भार हलका करण्यासाठी औद्योगिकीकरणाचा उपाय सांगितला होता. प्रश्न एवढाच, की त्या कारखान्यात आपला मुलगा, आपली मुलगी कोठे उभी आहे? कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, की प्रयोगशाळेत?

विद्यार्थी मित्रहो, रसायनशास्त्राला घाबरू नका. आणि कामगार बंधूंनो, आपण हाताळतो त्या पिंपात काय आहे, हे विचारा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन ही माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कारखाना उद्या हलेल. शिकलेली विद्या कोणाला हलवता येणार नाही.

जयभीम!