गुरगुरण्याचा अर्थ

घरात बाळ आलं की कुत्र्याचं फिरणं चुकतं, लाड आटतात. मग ते भुंकतं, घरात घाण करतं. नात जन्मली तेव्हा आमच्या मोतीचंही हेच झालं. मुलगा त्याला दूर सोडून यायला निघाला होता. आम्ही त्याचं फिरणं पुन्हा वेळेवर सुरू केलं. नात मांडीवर असताना तो शांत बसला की भाकरीचा तुकडा देत गेलो. बाळाजवळ आपलंही भलं होतं, हे त्याला उमगलं.

मात्र कुत्रं गुरगुरलं तर मारू नका. बाळाला उचलून दूर न्या. त्याच्यापाशी शब्द नसतात, गुरगुरणं हीच सूचना. ती मारून बंद केली, तर उद्या ते न सांगता चावेल. आणि कितीही गरीब कुत्रं असलं, तरी बाळापाशी एकटं सोडू नका.