अर्ज आणि प्रस्ताव

शाळेंत मीं तीस वर्षें अर्जलेखन शिकविलें. ‘सविनय सादर’पासून ‘आपला कृपाभिलाषी’पर्यंतची वाट माझ्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असे. त्याच विद्येनें माझ्या एका विद्यार्थ्याचें नुकसान झालें, म्हणून व्यवसायाचा प्रस्ताव कसा लिहावा याविषयीं आज बोलण्याचें धाडस करीत आहें.

हा गृहस्थ सुतारकाम करतो. एका शाळेस बाकें हवीं आहेत असें कळतांच तो माझ्याकडे आला व म्हणाला, “गुरुजी, पत्र तेवढें आपण लिहून द्या.” मीं दोन पृष्ठें लिहिलीं. त्यांत त्याच्या वडिलांचें आजारपण होतें, घरची ओढाताण होती, होतकरू कारागिरास हात देणें हें समाजाचें कर्तव्य कसें आहे याचें विवेचनही होतें. ‘बाक’ हा शब्द मात्र एकदांच आला असावा! काम दुसऱ्यास गेलें. त्यानें मला बोल लावला नाहीं. परंतु माझ्या पत्राच्या भरंवशावर त्यानें उसनवारीनें सागाच्या फळ्या घेतल्या होत्या आणि त्या वर्षभर पडवींत पडून राहिल्या, हें मला मागाहून समजलें.

अर्जांत मनुष्य आपली गरज सांगतो. प्रस्तावांत समोरच्याची गरज ओळखावयाची असते, आणि ती आपण कशी भागवूं हें त्यास पडताळून पाहतां येईल अशा रीतीनें मांडावयाचें असतें. याचें मला फार आवडणारें उदाहरण जमशेटजी टाटा यांस आलेल्या एका पत्राचें आहे. लोखंडाचा कारखाना काढण्याचा ध्यास त्यांनीं फार दिवस घेतला होता. तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथील खनिजावर त्यांची दृष्टि होती. परंतु जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उपयोगी ठरला नाहीं. पुढें भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनीं २४ फेब्रुवारी १९०४ रोजीं त्यांस पत्र लिहून मयूरभंज संस्थानांतील लोहखनिजाची माहिती कळविली. पोलादाचें महत्त्व जमशेटजींना पटवून देण्याचें कारणच नव्हतें. अडलें होतें तें ठिकाणापाशीं. शिवाय पत्रांतील गोष्ट खरी कीं खोटी, हें डोंगरावर जाऊन पाहतां येत होतें. जमशेटजी त्याच वर्षीं मे महिन्यांत निवर्तले. तरी तज्ज्ञांनीं गोरुमहिसाणीचा डोंगर पाहून खातरजमा केली व १९०७ सालीं कंपनी स्थापन झाली.

कोठें तें पोलाद आणि कोठें आमचीं बाकें! पण पुढच्या वर्षीं दुसऱ्या एका शाळेनें बाकें घेण्याचें ठरविलें, तेव्हां मीं लेखणी उचलण्यापूर्वीं त्यास तेथें पाठविलें. मोडकीं बाकें किती, तीं कोठें मोडतात, लहान मुलांचे पाय जमिनीस टेकतात कीं नाहीं, हें त्यानें पाहून घेतलें. मग एकच पृष्ठ झालें: लाकूड कोणतें, वाहतुकीसह एका बाकाची किंमत काय, मे महिन्याच्या सुटींत काम कधीं पुरें होईल, आणि वर्षभरांत सांधा निखळल्यास दुरुस्ती विनामूल्य. आठवड्यास दहांहून अधिक बाकें होणार नाहींत, हें वाक्य त्यास गाळावयाचें होतें. मीं तें हट्टानें ठेवविलें. सोबत एक बाक नमुन्यादाखल पाठविलें. नापसंत पडल्यास परत न्यावयाचें होतें.

मुख्याध्यापकांनीं प्रथम बाराच बाकें सांगितलीं. नमुन्याचें बाक मात्र परत आलें नाहीं; त्यावर त्यांच्या शिपायानें आधींच ठाण मांडलें होतें.