द्राक्षरसाची पारख

बारवी धरण ज्या धो धो पावसानें भरतें, तो द्राक्षवेलीला मानवत नाहीं. दमट हवेंत तिला बुरशी लागते. घाट चढून नाशिकास गेलें, कीं तीच वेल सुखानें फळते. तेथें गंगापूर धरणाच्या परिसरांत राजीव सामंत यांनीं ‘सुला’ हा वाइनचा कारखाना उभारला. त्याची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली.

युरोपांत द्राक्षें शरदांत तोडतात. नाशिकास बहुधा जानेवारी ते मार्च या काळांत. उन्हाळा चढला, कीं फळाची गोडी वाढते, पण आंबटपणा ओसरतो. आणि आंबटपणावांचून वाइन मिळमिळीत लागते.

पांढऱ्या वाइनसाठीं रस पिळतांच सालींपासून वेगळा करतात. शेनिन ब्लाँ किंचित् गोडसर, अननसाची आठवण देणारी. सोव्हिन्यों ब्लाँ कोरडी, भोपळी मिरचीच्या व हिरव्या गवताच्या गंधाची. दोन्ही गार करून चाखाव्यात. तांबड्या वाइनचा रस सालींसह आंबवितात. रंग व तुरटपणा तेथूनच येतो. शिराझमध्यें मिऱ्यांचा झणका असतो, आणि तुरटपणा बदलापूरच्या जांभळासारखा जिभेवर रेंगाळतो.

एखादी बाटली उत्तम निघणें दैवाचें देणें असूं शकेल. परंतु ऊनपाऊस दरसाल बदलत असतां चव न ढळूं देणें, हीच कारखान्याची खरी पत. ती पारखावयास दोन घोट पुरतात. पेला रिता करण्याच्या घाईंत जीभ बधिर होते, आणि बधिर जिभेला बरें-वाईट सारखेंच!